सो तिंतच्या हत्तींमधल्या फटी

बगानजवळच्या आमच्या गावात सो तिंतसारखा कोरणारा दुसरा नाही, कुणालाही विचारा. लाखेच्या काळ्या भांड्यावर तो आधी चित्र काढत नाही. थेट कोरणी टेकवतो आणि सोंडेपासून शेपटीपर्यंत अख्खा हत्ती एका श्वासात उतरवतो. श्वास रोखला की हात दगडासारखा. चार पिढ्यांची ही विद्या त्याला थोरल्या भावानं, बा ठौंगनं, टपल्या मारून शिकवली.

पण चाळिशी उलटली आणि रेघ अर्ध्यावर असताना सो तिंतचं मन भलतीकडे जायला लागलं. कोरणी घसरायची. कोरलेलं काही पुसता येत नाही. महिन्यात तीन भांडी वाया गेली. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की विहाराला द्यायचं मोठं दानपात्र तेवढं उरलं. आठ महिने लाखेचे थरावर थर चढवलेलं. ते बिघडलं तर दुसरं करायला वेळच नव्हता.

"विहारात भंतेंकडे दहा दिवस ध्यानाला बसून ये, डोकं ताळ्यावर येईल," बा ठौंग म्हणाला. "नाहीतर पात्र समोरच्या आळीतल्या कोरणाऱ्यांकडे जाईल. ते काही मी जिवंतपणी बघणार नाही."

गेला बिचारा. नाकाच्या टोकाशी श्वास बघायचा, बस. पण पंचवीस वर्षांची सवय, लक्ष लागलं की श्वासच बंद. शेजारच्या म्हाताऱ्या निवांत बसलेल्या आणि हा माशासारखा तोंड उघडून. वर दुपारनंतर जेवण नाही. चौथ्या दिवशी तो भंतेंपुढे वैतागून बसला.

भंते हसले. "श्वासही कोरायला निघालास होय? तो आपला येईल-जाईल. मन पळालं की कळलं पाहिजे, एवढंच तुझं काम."

"शंभरदा पळतं, भंते."

"मग शंभरदा परत आण. पळायचं ते पळणारच. कळायला मात्र हळूहळू वेळ कमी लागतो. डोक्याला वळण असंच पडतं."

एवढ्यासाठी दहा दिवस उपाशी, असं पुटपुटत सो तिंत घरी आला. फुटक्या झाकणावर हात चालवून बघितला तर आता छातीत श्वासच अडेना. श्वास चालू, रेघ पालीच्या शेपटीसारखी.

"गेलास बरा, आलास बिघडून," थोरला म्हणाला.

तरी पात्र त्याच्याच पुढ्यात होतं. पहिल्या हत्तीच्या पाठीवर मन पंक्चर झालेल्या सायकलकडे निघालं. हात घसरायच्या आत सो तिंतला ते कळलं आणि त्यानं कोरणी उचलली. तांदळाएवढी फट राहिली. मग श्वास, मग पुढची रेघ. चार दिवसांच्या कामाला चौदा लागले. अकरा हत्ती झाले, तेवीस फटी.

"जोडकाम केलंयस," बा ठौंग म्हणाला.

"घसरलेली एक रेघ दाखव, दादा."

थोरल्यानं पात्रावर दोनदा बोट फिरवलं. सापडली नाही.

पात्र विहारात गेलं. ही आमच्या घराची नवी धाटणी, असं बा ठौंग आता येईल त्याला ऐकवतो. सो तिंत मान वर करत नाही. कुठल्या फटीपाशी मन कुठे गेलं होतं, ते सगळं त्याला आठवतं.