आईच्या गळ्यातलं

नाहूरच्या घराचे जिने चढताना आईला धाप लागायची. मधल्या मजल्यावर थांबून ती उगाच शेजारणीशी भाजीच्या भावावर बोलत राहायची, कुणाला कळू नये म्हणून. मला कळायचं आणि डोकं फिरायचं. डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी सांगितली होती. ती नुसतं 'बघू' म्हणायची.

आम्ही काही जण मरोळच्या एका गाळ्यात हृदयाचे आवाज टिपणारं यंत्र बनवतो. साबणाच्या वडीएवढं. छातीवर ठेवायचं, मोबाइलला इअरफोन लावून ऐकायचं. गावातल्या आरोग्यसेविकेला परवडावं म्हणून ही सगळी मरमर. आणि माझ्याच घरात हे! सोल्डरिंग करतानाही माझं अर्धं लक्ष फोनकडे. शेवटी एक नमुना बॅगेत टाकून घरी आणला. म्हटलं, आवाजात काही सापडलं की हिला उचलूनच नेते.

आईला कॉटवर आडवं केलं, यंत्र ठेवलं. कानात नुसती खरखर आणि टकटक. वाट लागली, माइकच गेला, असं वाटलं. पुन्हा लावलं, तेच. मग लक्षात आलं, तिचे काळे मणी. श्वासागणिक एकमेकांवर आपटत होते. मागे सारले तरी घरंगळून पुढे यायचे. गाळ्यात आम्ही यंत्र एकमेकांवरच तपासलं होतं, आणि आमच्यात रोज मंगळसूत्र घालणारी एकही नाही. माझं तर लग्नानंतर कपाटातच आहे.

काढ म्हटल्यावर ती उठूनच बसली. नवरा जिवंत असताना गळा रिकामा करणार नाही, म्हणाली. सोनोग्राफी का टाळत होती, ते तेव्हा कळलं. तिथे गळ्यातलं काढायला लावतात, असं शेजारणीने सांगितलं होतं. मी भडकले. अशाने जीव जाईल तुझा, असं तोंडावर बोलून गेले. ती भिंतीकडे तोंड करून बसली.

बाबा इतका वेळ पेपर वाचत होते. ते उठले आणि तिच्यासमोर मान खाली केली.

"माझ्या गळ्यात घाल. माझ्यासाठीच आहे ना ते?"

आई आधी चिडली, मग हसायला लागली. आणि घातलं. बनियनवर मंगळसूत्र घालून बाबा तिच्या उशाशी बसले, आणि मला पहिल्यांदा आईचं हृदय ऐकू आलं. प्रत्येक ठोक्यामागे फुसफुस, झडप गळत असल्यासारखी, अगदी स्पष्ट.

मी इअरफोन काढला. यंत्र झकास चाललं होतं. उद्याच सोनोग्राफीला जायचं, म्हटलं. आई बाबांकडे बघून म्हणाली, "उद्या तुम्ही पण चला. हे कोण सांभाळणार?"