शंभरकाकूंचा मिसळणाचा डबा

मोजणी सुरू असताना शंभरकाकू कुणासाठीही उठायच्या नाहीत. डॉक्टरसाहेब आले तरी नाही, लाइट गेली तरी नाही. एकदा तर खिडकीतून माकड आत शिरलं आणि टेबलावरची डझनभर केळी उचलून गेलं. आम्ही सगळ्या किंचाळत खुर्च्यांवर चढलेलो, आणि काकूंचा एक डोळा मायक्रोस्कोपला, उजवा हात चिंचोक्यांत. शंभर झाले, तेव्हा मान वर करून म्हणाल्या, "केळी कुठं गेली गं?"

औरंगपुऱ्यातल्या आमच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये त्या तेहतीस वर्षं एकाच स्टुलावर बसल्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाच जातींच्या असतात. काचेवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, अशा शंभर पेशी बघायच्या आणि कुठल्या जातीच्या किती ते लिहायचं. हे मोजायला बटणं दाबायचं यंत्र मिळतं. काकूंकडे मात्र होता मिसळणाचा डबा, मोहरी-जिरं-हळद ठेवतो तोच. मधल्या वाटीत शंभर चिंचोके. भोवतीच्या पाच वाट्या पाच जातींच्या. पेशी दिसली की चिंचोका तिच्या वाटीत. मधली वाटी रिकामी झाली की शंभर भरले. आकडा लक्षात ठेवायला नको की डोळा हलवायला नको. त्यावरूनच त्यांचं नाव शंभरकाकू पडलं.

उरली सहावी वाटी. ती परक्यांची. पाचांपैकी कुठल्याच जातीत न बसणारी, रक्तात दिसायलाच नको अशी पेशी दिसली तर तिचा चिंचोका तिथं. त्या वाटीत चिंचोके पडायला लागले की बहुतेक वेळा रक्ताचा कॅन्सर निघून कुणाच्या तरी घरावर आभाळ कोसळणार असायचं. मी त्यांच्याबरोबर होते त्या सात वर्षांत ती वाटी भरताना मी फार थोड्या वेळा पाहिली, आणि दर वेळी काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मी अगदी उलट्या वळणाची. करमाडहून सकाळच्या बसनं यायचे, ती येतानाच चार कामं उरकत. घरी चार वर्षांची लेक, इथं काउंटर, दोन फोन, कॉम्प्युटर, रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवणं, मधेच सासूबाईंना व्हिडिओ कॉल. मला वाटायचं, आपल्यासारखी चटपटीत बाई अख्ख्या जालना रोडवर नसेल. काकू बघायच्या आणि म्हणायच्या, "वैशाली, तुला हात लई आहेत गं. पण बूड कुठंय?" मला राग यायचा. स्वतः चहा पिताना बोलतसुद्धा नाही, आणि मला शिकवते! खरंच, चहा आला की त्या फक्त चहा प्यायच्या. त्यांचा बटणांचा फोन जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, पिशवी खुंटीवर. कुणी हाक मारलीच तर डावा हात वर व्हायचा, म्हणजे थांबा. लॅबचे मालक डॉक्टरसाहेबसुद्धा दारात थांबायचे.

मग लॅबमध्ये नवं मशीन आलं. एका मिनिटात सगळ्या पेशी मोजून कागद बाहेर. डॉक्टरसाहेब भला माणूस, पण हिशेबी. म्हणाले, "काकू, दिवाळीपर्यंत बघू. मशीन ठीक चाललं, तर तुम्ही आता घरी आराम करा."

"आराम करून काय करू साहेब? भिंती मोजू?" काकू म्हणाल्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ते स्टूल गेलं असतं तर त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तोवर एक नियम ठरला: मशीननं भलताच आकडा दाखवला तर काकूंनी काच बघितल्याशिवाय रिपोर्ट पाठवायचा नाही.

आणि तो नियम मोडला मीच. पैठणकडची एक पोर, पहिलटकरीण, दुसऱ्या दिवशी सिझेरियन ठरलेलं. मशीननं तिच्या प्लेटलेट बावीस हजार दाखवल्या. रक्त गोठवणाऱ्या पेशी इतक्या कमी म्हणजे टेबलावरच जिवाशी गाठ. त्या वेळी माझ्या एका कानाला फोन, काउंटरवर गर्दी, दुसऱ्या फोनवर लेकीच्या शाळेचा मेसेज. मी आकडा पाहिला, कागदाचा फोटो काढला आणि दिला दवाखान्याला पाठवून. तासाभरात तिचा भाऊ लॅबच्या दारात रडत उभा. तिला मोठ्या दवाखान्यात हलवायला सांगितलं होतं, प्लेटलेटच्या पिशव्या आणायला सांगितल्या होत्या. "ताई, ती बरी होती हो सकाळी!" म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला.

काकू तेव्हा दुसरी काच मोजत होत्या. आम्ही सगळे उभे. मला वाटलं, आता तरी उठेल ही बाई! नाही उठल्या. शंभर केले, लिहिलं, मग त्या पोरीची काच घेतली. खिडकीच्या उजेडात आरसा फिरवला. त्यांचा मायक्रोस्कोप जुना, खाली आरसा असलेला. सावकाश काच सरकवत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "ये. बघ."

काचेच्या कडेला प्लेटलेटचे घडच्या घड चिकटलेले, द्राक्षांसारखे. नळीतल्या औषधानं कुणाकुणाचं रक्त असं करतं. मशीनला ते घड प्लेटलेट म्हणून ओळखूच आले नव्हते. काकूंनी वेगळ्या औषधाच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायला लावलं. आकडा आला एक लाख ऐंशी हजार. तिला हलवलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, भाऊ पेढे घेऊन आला. डॉक्टरसाहेबांनी दिवाळीचं नाव पुन्हा काढलं नाही.

मी काकूंच्या पाया पडले. वाटलं, फाडफाड बोलतील. त्या म्हणाल्या, "तुला अक्कल कमी नाय. त्या वेळी तू तिथं नव्हतीस, एवढंच. उद्यापासून बस इथं."

तेव्हापासून रोज दुपारी एक काच मी मोजायची. फोन काउंटरच्या खणात. नियम एकच: मधे उठलीस की सगळे चिंचोके मधल्या वाटीत आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी मी पाच वेळा उठले. पाच वेळा! चाळीस पेशी झाल्या की मनाला खाज सुटायची, लेकीनं डबा खाल्ला असेल का, गॅस बंद केला होता का. काकू न रागावता चिंचोके ओतायच्या. "पहिल्यापासून." सव्वा महिन्यानं माझे शंभर झाले. आणि काय सांगू, त्या दहा मिनिटांत मला त्या काचेशिवाय जग नव्हतं. इतकं शांत मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. ही बाई इतकी वर्षं रोज इथं राहते, हे तेव्हा कळलं आणि मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघतच राहिले.

गेल्या थंडीतली गोष्ट. एका मास्तरांची काच होती, साधा ताप. मी काउंटरवर होते. चिंचोक्यांचा आवाज थांबला म्हणून वळून पाहिलं. मधल्या वाटीत अजून बरेच चिंचोके होते, आणि परक्यांच्या वाटीत अकरा.

काकू म्हणाल्या, "वैशाली, दुसरी काच कर याच रक्ताची. माझ्या वाट्यांकडं बघू नको. नुसतं बघून सांग."

मी काच केली, बाजूच्या मायक्रोस्कोपवर लावली. पुन्हा पुन्हा पाहिलं. परकं कुणीच नव्हतं. सगळ्या ओळखीच्या, साध्या पेशी. मी भीत भीत सांगितलं. म्हटलं, "काकू, माझंच चुकत असेल."

"तुझं चुकत नाय. डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलंच होतं, आतला पडदा खराब झालाय, मधोमध डाग दिसतील. मला वाटलं, वेळ आहे अजून." मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "त्या मास्तराच्या घरी आज मी काय पाठवलं असतं गं?"

आणि शंभर पुरे व्हायच्या आत काकू स्टुलावरून उठल्या. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. सगळ्या वाट्यांतले चिंचोके त्यांनी मधल्या वाटीत ओतले, डबा माझ्याकडे सरकवला. मला रडू फुटत होतं.

"रडत मोजू नको, काच धूसर दिसती. बस. पहिल्यापासून."

मी बसले. डोळा लावला. खणातला माझा फोन वाजल्याचं नंतर दुसऱ्यांनी सांगितलं. मी म्हणे डावा हात वर केला होता. एकेक चिंचोका जात राहिला. परक्यांची वाटी कोरडीच राहिली.

शंभर झाले. मी मान वर केली. शेजारी कुणी नव्हतं, आणि खुंटीवर त्यांच्या जेवणाच्या डब्याची पिशवी नव्हती.

"काकू कुठं गेल्या गं?" मी विचारलं.