कापसाचं निमित्त

घाटंजीकडच्या आमच्या गावात आत्महत्यांच्या त्या वर्षांत माणूस गप्प बसला, की घरचे आधी फवारणीचं औषध लपवत. मी गप्प बसलो तेव्हा बायकोनंही तेच केलं.

खरं तर कापसानं माझं काही बिघडवलं नव्हतं. भाव पडले होते, पण डोक्यावर कर्ज नव्हतं. चौतिसाव्या वर्षी अंगातलं त्राणच गेलं होतं. एप्रिलच्या उन्हात थंडी वाजायची, चेहरा सुजायचा, आणि बायकोजवळ जायची इच्छाच मेली होती. आधीच मूल नव्हतं, त्यात हे. कोणत्या तोंडानं सांगणार? पारावर कोणी खांद्यावर हात ठेवून म्हणे, "कापसाचं इतकं मनाले लावून घेऊ नोको बावा." मी मुकाट मान डोलवायचो. नामर्द म्हणवून घेण्यापेक्षा दुःखी म्हणवून घेणं सोपं होतं. आयतं निमित्त मिळालं, घेतलं. पण भरल्या घरात फार एकटं वाटायचं.

बायको मला घडीभर नजरेआड होऊ देत नसे. उमरखेडला तिच्या वडिलांनी अंथरूण धरलं, निरोपावर निरोप आले. "तुमाले असं टाकून नाही जात मी," ती म्हणाली. मला काही होत नाही, जा, असं मी म्हटलं. पण खरं कारण काही तोंडातून निघालं नाही. ती पोचली ती थेट मातीला.

पुढं पायाला सूज आली म्हणून यवतमाळला गेलो. डॉक्टरनं गळा चाचपला, बायकोला बाहेर बसवलं आणि सरळ विचारलं. पहिल्यांदाच कोणापाशी तरी बोललो. रक्त तपासून तो म्हणाला, "थायरॉईड मंदावलं की पुरुषाचं हार्मोनही उतरतं. इच्छा जाते, बीज कमी पडतं. बहुतेक वेळा औषधानं सुधारतं." रोज उपाशीपोटी एक गोळी. एवढ्याशा गोळीपायी मी दोन वर्षं तोंड शिवून बसलो होतो. स्वतःचाच संताप आला.

काही महिन्यांत अंगात जीव आला. एका दुपारी तिला सगळं सांगितलं. मला मरायचं कधी नव्हतंच, हेही.

ती म्हणाली, "तं मंग तवाच काहून नाही सांगतलं? मी बापाकडे गेली असती."

इच्छा परतली, ताकद परतली. ती मात्र त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.