भिंतीवरून उतरवलेली माझी गोष्ट

आज दुपारी वेल्ह्याकडच्या एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. आवाज रडवेला. "ताई, माफ करा. तुमची गोष्ट न विचारता जुन्या कॅलेंडरांच्या मागं लिहून वर्गात लावली होती. आता काढली."

सकाळी स्वाध्यायपुस्तिका विकणारा एक जण आला होता. बाईंनी पुस्तिका नाकारल्या, तेव्हा त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. "कॉपीराइट माहितीये का बाई? नोकरी जाईल तुमची."

बाईंनी मुलांसमोरच पानं उतरवली. एक मुलगी म्हणाली, "बाई, माझं शेवटचं पान वाचायचं ऱ्हायलंय की!"

माझा संताप झालाय. गोष्ट माझी, आणि तिच्या नावावर धमकी देणारा हा कोण? शिकवताना वर्गात गोष्ट लिहून द्यायला कायदाच शिक्षकांना मोकळीक देतो. आपला माल खपवायला त्यानं कायद्याचा बागुलबुवा केला.

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता परत लावा."

बाई म्हणाल्या, "ताई, भीतीपोटी पानं खिचडीच्या चुलीत घातली वो मी."

उद्या नवे कागद घेऊन मीच जाणार आहे. शिक्षकहो, तुम्हीही कुणाच्या दमदाटीनं मुलांपुढून काही काढून घेतलंय का?