मिशीवरचं मीठ

आज रविवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. छपाईला पाठवून झालेली फाईल सवयीने परत तपासत होतो आणि एका पानावर अडकलो.

मी जुईनगरला राहतो. लोकांच्या जुन्या फोटोंचे कॉम्प्युटरवर सजवलेले अल्बम बनवतो. नावड्याच्या एका काकूंच्या अल्बममध्ये त्यांच्या वडिलांचा फोटो होता. घरात तेवढा एकच. वडील मिठागरात राबायचे, म्हणून मी काळ्या कागदावर जाडं मीठ पसरून त्या मिठाचा फोटो काढला आणि तो पारदर्शक करून वडिलांच्या पानभर थर म्हणून टाकला. चेहऱ्यावरचा थर नंतर पुसायचा असतो. तेच विसरलो! मिशीवर, भुवयांवर पांढरे ठिपके. आणि छापलेला अल्बम कालच काकूंकडे पोचला होता.

तसाच नावड्याला निघालो. दारातच म्हणालो, "काकू, चुकलंय माझं. चेहरा साफ करून नवीन पान देतो."

काकू तेच पान उघडून बसल्या होत्या. "काय साफ करतंस? बाबा मिठागरातून घरी येवाचा, तवा आसाच दिसाचा. आई वरडाची, आधी त्वांड धू, मंग जेव." डोळे पुसून मलाच दटावलं, "आता तू नको धुवू त्याला. बस, चाय पी."

चहा घेतला आणि ते पान तसंच ठेवलं.

बाकीच्या पानांवरही असेच वेगवेगळे थर आहेत; तिथल्या चेहऱ्यांवरून मात्र मी ते नेमाने पुसलेत. तुमच्या माणसाच्या फोटोतलं काय तुम्ही मला पुसू दिलं नसतं?