पट्टी काळी होईस्तोवर

सोयाबीन सोंगताना विळा अंगठ्याला लागला, म्हणून मानोऱ्यातल्या एका दवाखान्यात टाके घालायला गेलो. डॉक्टरांनी कपड्यात बांधलेल्या चिमट्या-कात्रीच्या गाठोड्याला हात घातला, तोच तिथल्या ठेंगण्या मावशींनी ते उचललं. चष्मा कपाळावर सरकवून गाठोड्यावरची चिकटपट्टी त्यांनी नाकाशी नेली.

"वाफ बराबर लागली की ह्या रेघा काळ्या होतात. ह्या तं पिवळ्याच हायेत."

गाठोडं परत वाफेच्या यंत्रात गेलं. यंत्र कुकरसारखं फुसफुसू लागलं. डॉक्टर स्टुलावर वाट बघत बसले.

"मावशी, किती शिट्ट्या?" अंगठ्यावर कापूस दाबत मी विचारलं. "घाई हाय मले. तसंच शिवा, हा अंगठा रोज शेणामातीतच राह्यते."

"शेणमाती तुही हाय, बापा. चिमटा माहा हाय," म्हणत त्या यंत्रासमोर राखणीला बसल्यासारख्या बसल्या. रेघा काळ्याभोर झाल्यावर पट्टी त्यांनी आधी मला दाखवली, मग डॉक्टरांना.

मावशींचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

परवा टाचेत बाभळीचा काटा मोडला. बायको पोलक्याची पिन काढून सरसावली, तसा मी पाय आखडला.

"पिन उकळून आण आधी."

"एवढ्याशा काट्यासाठी?"

"काटा माहा हाय," मी म्हणालो, "पिन तुही हाय."