फोटो जुळत नाही

मामाच्या तेराव्याचं जेवण अंगावर आलंय. हॉलमध्ये सतरंजीवर पाहुणे ओळीने आडवे झालेत, त्यांच्यात मीही. बाहेर दुपार रणरणतेय. कुणीतरी घोरतंय. घोरणं मध्येच थांबतं, तेव्हा मी मान वर करून बघतो, आणि पुन्हा सुरू झालं की बरं वाटतं. या घरात सध्या कोण चालू आणि कोण बंद, याचा काही भरवसा राहिलेला नाही.

मी डोळे मिटतो. फ्लेक्स दिसू नये म्हणून मिटतो, तर तो पापण्यांच्या आतल्या बाजूला लावलेला.

एसटी स्टँडसमोर मामाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय. 'कै. शामराव बाबर' हे नाव मामाचं, फुलांची चौकट मामाची, आणि फोटो माझा. मामाचा एकट्याचा असा फोटोच नव्हता. माझ्या वाढदिवसाच्या फोटोत तो मागे केक धरून उभा होता. मावसभाऊ सुजितने फ्लेक्सवाल्याला फोनवर सांगितलं, "मधला घ्या." मधला मी. गॉगल लावून, बत्तिशी काढून हसणारा. मग सुजितने ग्रुपवर टाकलं, 'नजरचुकीने चुकीचा फोटो गेला असून सर्वांनी मनातल्या मनात दुरुस्त करून दुःखात सहभागी व्हावे.' सगळे हसले. सर्वांत जास्त मी. दहाव्याला मात्र कावळा पिंड सोडून माझ्याकडे टक लावून बघत बसला, तेव्हा हसू जरा कमी आलं. फ्लेक्स त्यानेही वाचला असावा.

"धैर्या, सरक जरा."

मी सवयीने सरकतो. मामा शेजारी आडवा होतो. त्याच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास आहे, आणि सतरंजी त्याच्या वजनाने दबत नाही.

"मामा, तू गेलायस."

"जाऊ देत न्हाईत. तीच तर भानगड झालीया."

"कोण?"

"गेटावरचं. फोटू बघत्यात अन् म्हणत्यात, जुळत न्हाई. तितनंच परत धाडलं मला."

सतरंजी संपते तिथे चौक लागतो. एकही गाडी नाही. आजूबाजूच्या फ्लेक्सवरचे युवा नेते, दहावीचे गुणवंत, बारशाची बाळं, सगळे हळूच मान वळवून माझ्याकडे बघतात. मामाच्या फ्लेक्सवरच्या माझ्या फोटोला कुणीतरी हार घातलाय. हार ओला आहे. माझ्या गळ्याला गार लागतं.

"दुरुस्त करून घेऊ की," मी म्हणतो. "सुजितने दिलगिरी व्यक्त केलीय."

"दिलगिरीनं काय हुतंय? जळका मिक्सर मी कवा दिलगिरी घालून चालू केला का?"

"मग खुलासा छापू. पेपरात, चौकटीत."

"खुलासा वाचाय कोण थांबतंय? फोटूतलं माणूस आज न्यायचं म्हणून दोघं निघाल्यात. तेराव्याच्या आत कागद आणि माणूस जुळाय लागतं म्हणं."

"फोटोतला माणूस म्हणजे मी."

"आता तुझ्या टकुऱ्यात उजेड पडला."

एसटी येते. पाटीवर गावाचं नाव असायला हवं, तिथे माझं नाव आहे. दोघे उतरतात. खाकी कपडे, पण बिल्ल्याच्या जागी नुसती भोकं. फ्लेक्सपुढे उभं राहून ते फोटो बघतात. मग एकमेकांना सांगतात, "हसणारा पोरगा."

भीती वाटली की मला विनोद सुचतो, हा माझा जुना बिघाड आहे. आत्ताही सुचतो. मयताला सुट्टे पैसे मागतील का? माझे गाल वर जातात.

दोघे गर्रकन वळतात.

"हसू नगंस!" मामा माझ्या कानात ओरडतो. मी ओठ चावतो, गाल हातांनी खाली ओढतो. हातांखाली हसू वाढतच चाललंय. ते दोघे धावत नाहीत. नुसते चालतात, आणि प्रत्येक पावलाला चौक आखूड होतो.

मी मामाच्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर उताणा पडलोय. चारी बाजूंना उघडे मिक्सर, झाकण नसलेले कुकर. शटर अर्धं खाली आहे. त्याच्या फटीतून चार पाय दिसतात. ते इकडून तिकडे जातात, तिकडून इकडे येतात.

मामा माझा जबडा चाचपतो, एखादा मिक्सर हातात घेऊन फिरवावा तसा.

"काय करतोयस?"

"दुरुस्ती. गप पड."

"मामा, मी पंचवीसचा पण नाही अजून. तुझ्या जागी मला नको ना घालूस."

"येड्या, तुझा जीव घेतोय व्हय मी? फोटूत जीव कुठं दिसतोय? फोटूत दिसतंय ते हसू. त्येवढाच पार्ट काढतो आणि मला बसवतो. जुळलं की सुटलो दोघं."

"आणि माझं काय?"

"तुझं त्याच्यावाचून चालंल. जरा आवाज करशील, पण चालंल."

तो स्क्रूड्रायव्हर माझ्या कानामागे लावतो. दुखत नाही. आत कुठेतरी पत्रा करकरतो आणि एक गाल खाली येतो. मग दुसरा. पाय शटरपाशी थांबलेत. बाहेरून कुणीतरी नखांनी पत्र्यावर टकटक करतं.

"मामा, परत बसवशील ना?"

गिऱ्हाइकाला तो कायम म्हणायचा, संध्याकाळी घेऊन जा. मला तसं म्हणत नाही.

तो माझं हसू तोंडावर चढवतो. पांढऱ्या मिशीखाली माझी बत्तिशी. इतकं भयंकर मी आजवर काही पाहिलेलं नाही. शटर वर करून तो बाहेर उभा राहतो.

"ह्यो बघा. मीच."

दोघे वाकून त्याचं तोंड बघतात, बराच वेळ. एक जण बोटाने दात मोजतो. मग मान हलवतो. "जुळतंय."

एसटी सुटते. मामा खिडकीत बसलाय, दात काढून हसतोय. आयुष्यात कधी तो इतका हसला नव्हता. पण दातांच्या वरचे डोळे त्याचेच आहेत, आणि ते घाबरलेत. मी हाका मारत धावतो.

"उठा, उठा! चहा घ्या, कैलासवासी!"

सुजित माझ्या पोटाला कोपर ढोसतोय. हॉलभर हशा उठतो. मामीसुद्धा तोंडाला पदर लावून हसते, मग म्हणते, "मेल्या, आज तरी सोड त्याला." मी गाल वर जायची वाट बघतो. सुजित माझ्याकडे बघत थांबलाय, माझ्याकडून याहून वरचढ काहीतरी येईल म्हणून. गाल जात नाहीत.

उजवी मूठ आवळलेली आहे. बोटं एकेक करून उघडावी लागतात. तळव्यावर एक बारका स्क्रू आहे, तेलकट, अजून गरम. मी मूठ पुन्हा मिटतो. कधी बसवायचं झालं तर हा लागेल. आणि बसवणारा माणूस गेला, हे मला आज, तेराव्याला, पहिल्यांदा कळतं.